कव्हराखालची मागची सीट

मी डोमाजींच्या गाडीतली मागची सीट बोलतेय. पुढची नव्हे, मधली नव्हे, अगदी शेवटची, डिक्कीला पाठ लावून बसलेली. माझ्याकडे आपणहून कोणी येत नाही. "तू बारीक आहे, तू जाय मागं," म्हणून ज्याला ढकलतात तो येतो, गुडघे पोटाशी घेतो आणि उतरेपर्यंत कुरकुर करतो. करू दे. माझ्या अंगी काय आहे ते मला ठाऊक होतं.

माझे दोन भाग आहेत, एक डावा आणि एक उजवा. दोन्हींच्या पाठीमागं एकेक पट्टा. पट्टा ओढला की तेवढा भाग पुढं लवतो आणि भुईसारखा सपाट होतो. माणसं जास्त असली तर मी उभी, सामान जास्त असलं तर मी आडवी, आणि दोन्ही असलं तर अर्धी उभी, अर्धी आडवी. पुढच्या सीटा गाणी ऐकतात, थंड हवा खातात, तोरा तर विचारूच नका. पण अर्ध्यात भागवायची कला त्यांना येत नाही.

यवतमाळच्या शोरूममध्ये तिथल्या पोराने माझा पट्टा ओढून दाखवला, तर डोमाजी केवढ्यानं दचकले. "अरे बाबू, तोडतो काय? नवी गाडी हाय!" पोरगा म्हणाला, "काका, हे असंच असते. सामान ठेवाले कामी येते." डोमाजींनी मला स्वतःच्या हातानं उभं केलं आणि वर दोनदा थोपटलं. लहान लेकरू पडल्यावर थोपटतात तसं.

माणूस वाईट नाही हो. लोहाऱ्याच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि बायकोसाठी ही गाडी घेतली. प्रभावतीबाईंचा त्याआधी अपघात झाला होता, दोन्ही पायांतलं बळ गेलं होतं. बाई चाकाच्या खुर्चीवर आल्या. त्यांना ऑटोत चढणं-उतरणं जमेना, म्हणून गाडी. पण डोमाजींना एक खोड आहे, वस्तू जपायची. त्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो आणि बटणं पिशवीवरूनच दाबतात. चांगल्या चादरी पाहुण्यांची वाट पाहत कपाटात पिवळ्या पडल्या. तशी माझीही पाळी आली. कव्हर शिवणाऱ्यानं विचारलं, "मधून चीर ठेवू का काका? सीट पडते ही." डोमाजी म्हणाले, "कायले? कोणी पाडलीच नाई पायजे." झालं. डाव्या-उजव्या दोन्ही भागांवर मिळून एकच जाड कव्हर चढलं, पट्टे आत दडपले गेले. वरून कंपनीचं प्लास्टिक होतंच. उन्हाळ्यात अशी उकडून निघायची मी, की काय सांगू. आणि डोमाजी? मी आडवी होते हेच ते पार विसरून गेले.

आता गंमत बघा. गाडी घेतली बाईंसाठी, आणि बाईंची खुर्ची गाडीत मावेना. मी उभी असले की डिक्कीत एक सुटकेस जेमतेम बसते. एकदा खुर्ची टपावर बांधली, तर गतिरोधकावर दोर सुटला आणि चाक वाकडं झालं. तेव्हापासून खुर्ची घरी आणि बाई गाडीत, असा रिवाज पडला.

बाभुळगावला भाचीचं लग्न होतं, तिथं त्या तशाच गेल्या. चार पोरांनी त्यांना उचलून मांडवात एका प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलं. सकाळी जिथं ठेवलं तिथंच त्या सगळं उरकेपर्यंत होत्या. जेवण कोणीतरी हातात आणून दिलं, पाणी मागायला लाजल्या, कारण पाणी प्यालं की पुन्हा कोणाला तरी उचलायला सांगावं लागणार. त्यानंतर कुठं चला म्हटलं की म्हणायच्या, "तुम्ही जा, मी घर पाहतो." विहारात बायकांना वंदना शिकवणारी ही बाई, तिनं विहारसुद्धा सोडलं. मला फार वाईट वाटायचं. माझ्या पाठीमागं उपाय होता आणि मला तोंड नव्हतं.

मग थोरल्या मुलाचं, राजदीपचं, लग्न ठरलं. मुलगी कळंबची. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला, वंदना नवरदेवाच्या आईनंच घ्यावी. आदल्या दिवशी दुपारी गाडीभोवती सगळे जमले. डोमाजी गाडी चालवणार, शेजारी प्रभावतीबाई. मध्ये नवरदेव, त्याची बहीण दीपा आणि डोमाजींची थोरली बहीण बिजलीबाई. मागं माझ्यावर धाकटा संघदीप. सहा माणसं मावत होती. खुर्ची मावत नव्हती.

"खुर्ची राहू दे घरी," डोमाजी म्हणाले. "पोरं हायेत ना उचलाले."

"मग मीबी राह्यतो घरी," बाई म्हणाल्या.

राजदीप म्हणाला, "आई, तू नसशीन तर मी कायले उभा राहू तिथं?"

"बेटा, मले पोत्यावानी नेतात आन् पोत्यावानी ठेवतात. तुह्या लग्नात मले तसं नाई यायचं."

सगळे तोंड पाडून आत गेले. बाई मात्र अंगणातच राहिल्या आणि खुर्ची ढकलत उघड्या डिक्कीपाशी आल्या. इतक्या वर्षांत कोणी मला त्या उंचीवरून पाहिलंच नव्हतं. उभा माणूस डिक्कीत वरून डोकावतो. बाईंचं तोंड थेट माझ्या पाठीसमोर आलं. कव्हराखाली काहीतरी फुगलेलं त्यांना दिसलं. त्यांनी बोटांनी चाचपलं, पुन्हा चाचपलं आणि हाक मारली, "दीपा, कैची आण."

डोमाजी धावत आले. "अवो, काय करून राह्यली? मजबूत कव्हर हाय ते."

"तुम्हाले कव्हर पायजे का मी?"

डोमाजी दोन पावलं मागं सरले. कैची चालली. चर्र आवाज झाला, वारा लागला, आणि बाईंनी डाव्या भागाचा पट्टा ओढला. काय सांगू तुम्हाला. गंजली असेन, अडकेन, नाक कापलं जाईल, अशी धाकधूक होती मला. पण मी अशी झपकन आडवी झाले, की संघदीपनं टाळी वाजवली. दीपानं खुर्ची मिटून आत सरकवली. डिक्की बंद झाली. उजवा भाग संघदीपसाठी ताठ उभा होता.

"मले त्या शोरूमवाल्यानं दाखवलं होतं," डोमाजी हळूच म्हणाले. बिजलीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते चहा सांगायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी कळंबच्या मांडवाशी गाडी थांबली. खुर्ची उतरली, बाई तिच्यात बसल्या. दोन तरणी पोरं सवयीनं उचलायला धावली. बाई म्हणाल्या, "हात नोका लावू. वाट द्या." मांडवातल्या गालिच्यावरून त्या स्वतः चाकं फिरवत गेल्या आणि माणसं दोन्हीकडे सरली. डोमाजींनी डिक्की उघडीच टाकली होती, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. भोंग्यावर त्यांचा आवाज आला, "बुद्धं सरणं गच्छामि," आणि अख्खा मांडव त्यांच्यामागं म्हणू लागला. मी त्या दिवशी जिंकले, बरं का. पुढच्या सीटा काहीही म्हणोत.

जेवणाच्या वेळी बाई एका जागी सापडेनात. कधी विहिणीशी गप्पा, कधी वाढप्यांना दटावणं, कधी नवरीच्या खोलीत. बिजलीबाई त्यांना शोधून दमल्या आणि येऊन माझ्यावरच टेकल्या.

आता माझ्यावर हळदीचा डाग आहे, तुरीच्या पोत्याचा भुसा आहे, एका कोपऱ्याला सांडलेल्या चहाचा वास आहे. डोमाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला पट्टा ओढून दाखवतात, जणू त्यांनीच मला बनवलं. चालायचंच.

तुमच्या दारातल्या गाडीतही माझी एखादी बहीण प्लास्टिकखाली उकडत असेल. आजच तिचा पट्टा शोधा, आणि घर पाहायला म्हणून मागं राहणारं माणूस तुमच्याकडे कोण आहे, तेही बघा.

बरं, मला निघायला हवं. आज रविवार, विहारात जायचंय. डोमाजींना अजून चप्पल सापडत नाहीये, आणि प्रभावतीबाई केव्हाच्या पुढं बसून हॉर्न वाजवताहेत.