लंबकाला बांधलेली किल्ली

मास्तरांनी काचेच्या बाटलीत पाणी ओतले, खाली वाकून डोळा पाण्याच्या रेषेला लावला आणि शिंप्याच्या मापाने दोन दोरे, म्हणजे पाव इंच, कमी आहे असे दिसताच आणखी एक घोटभर त्यात सोडले. बाटलीच्या अंगावर त्यांनी जुन्या मोजपट्टीचा तुकडा डिंकाने चिकटवला होता. त्या पट्टीवर शाईच्या आडव्या रेघा होत्या: अकरा, एक, तीन, पाच. ज्या वेळेची जी रेघ, तिथपर्यंत पाणी उतरलेच पाहिजे, असा त्यांनी स्वतः घालून दिलेला दंडक होता.

“ही घे,” पत्नीच्या शिलाई यंत्राशेजारी बाटली ठेवत ते म्हणाले. “अकराला पहिल्या रेघेवर.”

“बरं.”

“बरं नाही. पी.”

“पिते हो. पाणीच ते, पळून का जाणार आहे?”

तिने यंत्राचे चाक फिरवले आणि गणवेशाच्या बाहीला टीप घालू लागली. मास्तरांनी ओठांत पाच-सहा टाचण्या धरल्या व ते बेतण्याच्या मेजाकडे वळले. टाचण्या तोंडात असल्या म्हणजे त्यांना बोलता येत नसे. पत्नीच्या मते दुकान चालते ते त्याच कारणाने.

दुकान म्हणजे लहान-लहान कारखान्यांच्या एका जुन्या इमारतीतील तळमजल्यावरची लांबट खोली होती. पुढचे दार सामायिक बोळकांडीत उघडत असे. मागे एक दार आणि एक खिडकी होती, ती गल्लीच्या बाजूला. खिडकीत रंगाच्या रिकाम्या डब्यात एक झाड लावलेले होते. कोण्या गिऱ्हाइकाने ते दिले तेव्हा त्याला जेमतेम तीन पाने होती, आणि तीही पिवळी. गेल्या तीन महिन्यांत मात्र त्याने असे काही अंग धरले होते की निम्मी खिडकी पानांनी झाकून गेली होती. येणारा-जाणारा त्याची तारीफ करी. मास्तर तोंडातल्या टाचण्या काढून सांगत, “हवा मानवली त्याला.”

अकरा वाजता त्यांनी मान वळवून पाहिले. पाणी पहिल्या रेघेवर होते. एक वाजता दुसऱ्या रेघेवर. वर नाही की खाली नाही. त्यांना मनापासून समाधान वाटले. बाईची टीप जशी सरळ, तसेच तिचे पाणी पिणेही सरळ, असा विचार त्यांच्या मनात आला.

दुसऱ्या दिवशी ते दोघे डॉक्टरीणबाईंकडे गेले. मास्तरांनी ती बाटली पुराव्यादाखल कापडी पिशवीत घालून बरोबर नेली होती.

डॉक्टरीणबाईंनी नवा अहवाल वाचला, जुना अहवाल काढून त्याच्याशेजारी ठेवला, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“खडा वाढलाय. संसर्गही तसाच आहे. पाणी पीत नाही तुम्ही.”

“पिते,” पत्नी खाली पाहत म्हणाली.

“पिते म्हणजे काय, मी मोजून देतो,” मास्तरांनी बाटली मेजावर ठेवली. “या रेघा बघा. रोज संध्याकाळी रिकामी. एक थेंब राहत नाही.”

डॉक्टरीणबाई ती मोजपट्टी बराच वेळ न्याहाळत राहिल्या. त्यांना हसू आले असावे, परंतु त्या हसल्या नाहीत.

“मास्तर, बाटली रिकामी होते हे मला पटलं. पण शरीर खोटं बोलत नाही. दिवसच्या दिवस कोरडं बसायचं, लघवी दाबून धरायची, ही सवय वरून दिसत नाही. ताप नाही, जखम नाही. आतलं मात्र खराब होत जातं. अजून सहा आठवडे बघू. तेव्हाही असाच अहवाल आला, तर उजवं मूत्रपिंड वाचेल असं मी सांगू शकणार नाही.”

पत्नीने पदराचा काठ बोटांत धरला आणि जणू त्यातला एखादा उसवलेला दोरा शोधू लागली. काठ कुठेही उसवलेला नव्हता.

परतताना मास्तर रस्ताभर बोलत होते: यंत्र चुकले असेल, दुसरीकडे तपासून घेऊ, हल्लीच्या पाण्यातच काही राम राहिलेला नाही. ती ऐकत चालली होती. दुकानाशी पोचल्यावर तिने एवढेच म्हटले, “बाटली द्या. भरून ठेवते.”

“मी भरतो,” मास्तर म्हणाले, “तू पी फक्त.”

त्यानंतरच्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, बटणे आणावयास गेलेले मास्तर ऊन टाळण्यासाठी मागच्या गल्लीने परतत होते. आपल्या खिडकीखाली आले तोच त्यांच्या हातावर पाण्याचा थेंब पडला. त्यांनी वर पाहिले. रंगाच्या डब्याच्या तळाला पाडलेल्या भोकांतून पाणी टपकत होते. आणि पानांच्या दाटीतून पत्नीचा हात बाहेर आलेला होता. हातात बाटली होती.

बाटली कलली. थोडे पाणी मातीत गेले. मग ती मागे सरकली. पानांमधल्या फटीतून मास्तरांना दिसले की पत्नीने बाटली डोळ्यांसमोर धरली आहे आणि एक डोळा मिटून ती एकची रेघ पाहते आहे. मग बाटली पुन्हा बाहेर आली आणि आणखी दोन दोरे पाणी झाडाला मिळाले.

मास्तरांच्या हातातली पुडी चुरगळली. त्यांना मोठ्याने हाक मारावीशी वाटली. तीन महिने, हे शब्द त्यांच्या जिभेवर आले होते. परंतु ते तसेच गिळून मास्तर वळसा घालून पुढच्या बाजूला गेले.

बोळकांडीच्या तोंडाशीच घड्याळकाकांचे दुकान होते. घड्याळे दुरुस्त करणारे हे गृहस्थ त्या इमारतीतले सर्वांत जुने भाडेकरू, आणि म्हणूनच बोळकांडीच्या टोकाच्या एकुलत्या स्वच्छतागृहाची किल्ली त्यांच्याकडे असे. किल्ली कोणाच्या खिशात राहू नये, या हेतूने त्यांनी ती भिंतीवरच्या एका मोठ्या घड्याळाच्या पितळी लंबकाला बांधली होती. हातभर लांबीचा तो चकचकीत लंबक घेऊन निघालेला माणूस कोठे चालला आहे, हे साऱ्या बोळकांडीला कळे. समोर बाकावर चहा पीत बसलेली चार-पाच माणसे तर नेहमीचीच.

मास्तर तेथे पोचले तेव्हा छापखान्यात पाने जुळवणारी मुलगी लंबक परत करीत होती.

“चार मिनिटं, दहा सेकंद,” डोळ्यावरचे भिंग न काढताच घड्याळकाका म्हणाले.

बाकावरचे हसले. घड्याळकाकांच्या मनात वाईट काही नसे. सगळ्या गोष्टींची वेळ लावण्याची त्यांना उभ्या जन्माची सवय होती, आणि बाप्या असो वा बाई, ते कोणालाही सोडत नसत. मुलगीही मान खाली घालून हसल्यासारखे करून गेली.

मास्तरांचे ओठ सवयीप्रमाणे फाकले. हसू अर्ध्यावर आले असेल नसेल, तोच ते तेथेच थांबले.

कितीतरी वर्षांपूर्वीची एक दुपार त्यांना आठवली. त्या दिवशी लंबक पत्नीच्या हातात होता. “मास्तरीणबाई, साडेअकरा मिनिटं! बाहीला टीप घालत होतात काय?” असे घड्याळकाका म्हणाले होते. बाकावर बसलेल्यांत मास्तर स्वतः होते, आणि सर्वांत मोठ्याने तेच हसले होते. एवढेच नव्हे, तर रात्री जेवताना तो विनोद त्यांनी घरी पुन्हा सांगितला होता. त्यानंतर लंबक तिच्या हातात पाहिल्याचे त्यांना काही केल्या आठवेना.

“मास्तर, काय पाहिजे?” काकांनी विचारले.

“किल्ली.”

“ही घ्या. वेळ लावतो.”

मास्तर लंबक घेऊन बोळकांडीत शिरले, दुकानातून आरपार गेले आणि मागच्या दाराने गल्लीत उतरले. पत्नीने यंत्र थांबवून विचारले, “अहो, लंबक घेऊन कुठे चाललात?”

त्यांनी नुसता हात हलवला.

चौकात कुलुपे दुरुस्त करणारा एक जण बसत असे. त्याच्यासमोर मास्तर भर उन्हात उभे राहिले. आल्यागेल्याचे लक्ष त्यांच्या हातातल्या लंबकाकडे जात होते. मास्तरांना तो पिशवीत लपवावासा वाटला. परंतु त्यांनी तो तसाच हातात धरून ठेवला.

“एक्केचाळीस मिनिटं!” लंबक परत मिळताच घड्याळकाकांनी प्रथमच डोळ्यावरचे भिंग काढले. “अहो मास्तर, बरं आहे ना?”

“आम्ही माणसं पाठवणार होतो,” बाकावरचा एक जण म्हणाला, आणि दुसऱ्याच्या नाकातोंडातून चहा आला.

“पोट बिघडलंय जरा,” मास्तर म्हणाले. सर्वांचे हसणे पुरते संपेपर्यंत ते तेथे उभे राहिले.

दुकानात येऊन त्यांनी पत्नीच्या यंत्राजवळ, जेथे कात्री टांगलेली असे त्या खिळ्यावर, एक लहानशी किल्ली अडकवली. तिला बोटभर निळी नाडी बांधलेली होती.

“हे काय?”

“किल्ली.”

“काकांची?”

“आपली.” मास्तर बटणांची पुडी सोडू लागले. “गल्लीतून, मागच्या अंगणाला वळसा घालून गेलं की बाकावरून दिसत नाही. मी बघून आलो.”

तिने खिडकीतल्या झाडाकडे एकदा पाहिले, मग मास्तरांकडे. मास्तरांनी घाईने टाचण्या उचलल्या आणि होत्या तेवढ्या ओठांत धरल्या.

चार वाजता यंत्र थांबले. खिळ्यावरची किल्ली हलल्याचा बारीक आवाज झाला. मागचे दार उघडले आणि मिटले. मास्तर कापडावर खडूची रेघ ओढत होते. ती पुरी होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात बाटलीचे गणित पार बिघडले. अकराला पाणी रेघेच्या अर्धा इंच वर, एकला बोटभर खाली. एके दिवशी तर तीन वाजताच बाटली रिकामी होती, आणि एके दिवशी पाच वाजून गेले तरी निम्मी. एक दोरा इकडचा तिकडे झालेला ज्यांना खपत नसे, ते मास्तर त्या वेड्यावाकड्या पाण्याकडे पाहत आणि पुढच्या कापडाला हात घालत.

शनिवारी पत्नीने टीप घालता घालता खिडकीकडे पाहिले.

“अहो, झाडानं मान टाकलीय. कोणी पाणी घालत नाही वाटतं त्याला.”

मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, मेजावरच्या छोट्या गादीत टोचल्या, आणि चहाचा कप विसळून तो भरून आणण्यासाठी ते नळाकडे गेले.