मातीसारखी साखर

तेव्हा शुक्रवारची सुट्टी असे. दोन हजार साल असावं. शारजात, रोल्लामधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सुजीतच्या फ्लॅटबाहेर चपलांचा ढीग थेट लिफ्टपर्यंत गेला होता. आत रामेश्वर महाराज सोफ्यावर मांडी घालून बसले होते. व्हिजिट व्हिसावर आलेले, त्यामुळे चमत्कारही घाईघाईत चाललेले.

"जीभ बाहेर," महाराज म्हणाले.

सुजीतच्या बायकोने, अनुपमाने, जीभ काढली. डायबेटिसची गोळी सुरू झाल्यापासून तिच्या तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव रेंगाळत होती. महाराजांच्या मते ते गोळीतलं विष होतं. त्यांनी जिभेवर हिरवी विभूती चोळली, काहीतरी पुटपुटले आणि चमचाभर साखर दिली.

"कशी लागते?"

"मातीसारखी. अजिबात गोड नाही."

"शरीराने साखर नाकारली. डायबेटिस खलास! गोळ्या आजपासून बंद."

सगळ्यांचे हात जोडले गेले. रांगेत अबुधाबीच्या तेल कंपनीतले दोन इंजिनिअर होते, म्हणून शिक्षणाबद्दल मी फार बोलत नाही. पण अनुपमा गोळ्या फेकायला उठली तेव्हा मी घाबरले. तिची साखर किती चढते ते मला माहीत होतं. मी शेजारच्या हाफिजाला बोलावून आणलं. ती दातांची डॉक्टर, मूळची रत्नागिरीची.

"महाराज, मलाही द्या की विभूती."

"तुम्हाला काय त्रास?"

"काहीच नाही. म्हणूनच द्या."

"श्रद्धा नसेल तर गुण येत नाही."

"बघू तरी." तिने डबीतून चिमूट उचलली, जिभेवर चोळली, जरा थांबून साखर खाल्ली. "माझीपण माती झाली. अनुपमा, मला डायबेटिस नाही. मग यांनी माझं काय खलास केलं?"

मागे कुणीतरी हसलं.

"हा गुडमारचा पाला आहे, वाळवून कुटलेला. जिभेला थोडा वेळ गोड कळत नाही, एवढंच. असा जिभेवर चोळून रक्तातल्या साखरेला त्याचा पत्ताही लागत नाही. आमच्याकडे पोरं हा पाला चारून एकमेकांना फसवतात. बसा सगळे. काकू, जरा वेळाने चहा टाका."

पाऊण तासाने मी चहा केला. अनुपमाने घोट घेतला. "गोड लागतोय," ती खाली बघत म्हणाली.

"महाराज, डायबेटिस परत आला वाटतं?" एका इंजिनिअरने विचारलं. महाराजांना अचानक विमानाची वेळ आठवली.

"पण ती लोखंडाची चव खरी आहे गं," अनुपमा हाफिजाला म्हणाली.

"खरीच आहे. काही गोळ्यांनी येते, हिरड्या सुजल्या तर येते, तोंड कोरडं पडलं तरी येते. उद्या क्लिनिकला ये, हिरड्या बघते. गोळी बदलायची का, ते तुझे डॉक्टर ठरवतील. मनाने बंद करायची नाही."

"किती दिवसांत जाईल?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू?"

हॉलमध्ये निराशाच पसरली. महाराज एका चिमटीत बरं करत होते आणि ही बाई तपासते म्हणत होती. पण माझं तेव्हाही तेच मत होतं, आजही तेच आहे: तपासायच्या आधीच जो खात्री देतो, त्याच्या हातचं काही तोंडात घालू नये.

अनुपमाने पाणी मागितलं. दुपारची गोळी राहिली होती. तोंड वाकडं करत तिने ती गिळली.