भावजींची शिंक

जाऊबाई अंथरुणाला खिळल्या त्याला आता बरेच दिवस झाले. हातांत बटण फिरवण्याइतकाही जीव नाही. डोकं मात्र माझ्यापेक्षा शाबूत. दोघींचेही नवरे गेले, मुलं आपापल्या संसारात, घरात आम्ही दोघी जावा. दुपारची कामं उरकून घटकाभर पाठ टेकावी एवढीच माझी हाव, पण तीही पुरी होईना. कारण गाणी.

जाऊबाई तरुणपणी छान गात. थोरले भावजी ती टेपवर भरून ठेवत. टेप कधी भावजींच्या मांडीवर, कधी लांब खिडकीत. पुढे भाच्याने त्या कॅसेटींची सीडी करून दिली, पण जशीच्या तशी. एक गाणं मुंगीच्या पावलांचं, तर पुढचं अंगावर धावून येणारं. जाऊबाई दचकायच्या, नाहीतर ऐकू येईना म्हणून हाक मारायच्या. दर गाण्याला मी उठायचं आणि फळीवरच्या यंत्राचं बटण फिरवायचं. गाणी त्यांची, गुडघे माझे.

शेवटी चौकातल्या फोटोवाल्याकडे गेले. सीडी भरून देणारा तोच एक उरलाय. म्हटलं, सगळी गाणी एका आवाजात आण बाबा, मला झोपायचंय. त्याने संगणकावर आवाज सारखे करून नवी सीडी दिली. घरी लावली. पहिली तीन गाणी एका पातळीत गेली. चौथं आलं आणि पुन्हा कुजबुज. उठले.

परत गेले तेव्हा त्याने पडद्यावर त्या गाण्याच्या आवाजाची रेघ दाखवली. सगळीकडे बुटकी आणि मध्येच एक ताड. ती भावजींची शिंक. टेपला नाक लावूनच शिंकले असावेत. त्याचं यंत्र म्हणे प्रत्येक गाण्यातला सगळ्यात मोठा आवाज बघतं आणि तो छताला टेकेपर्यंत गाणं वर उचलतं. इथे शिंक आधीच छताला टेकलेली, मग गाणं उचलायचं कुठून? मला ते लगेच पटलं. भावजी शिंकले की अख्खं घर गप्प व्हायचं.

काढून टाकू का, त्याने विचारलं. टाक म्हटलं.

त्या दुपारी सगळी गाणी एका आवाजात वाजली. मला डुलकी लागतेय तोच हाक आली.

"अगं धाकटे, ह्यांची शिंक कुठे गेली?"

मी सगळं सांगितलं. जाऊबाईंनी भिंतीवरच्या भावजींच्या फोटोकडे पाहिलं.

"फोटो आहे गं," त्या म्हणाल्या. "आवाज तेवढाच होता."

पुन्हा फोटोवाला. या खेपेला त्याने शिंक ठेवली, पण दाबून. जाऊबाईंनी कान देऊन ऐकली आणि हे भलतंच कुणीतरी शिंकलंय म्हणाल्या. ते इतक्या सभ्यपणे जन्मात कधी शिंकले नव्हते.

पुढच्या खेपेला मला बघताच फोटोवाल्याने स्टूल पुढे सरकवलं. मी बसले आणि म्हटलं, बाकीची सारखी राहू देत, चौथ्याला हात लावू नकोस. मग त्या गाण्याला तुम्हाला उठावं लागेल काकू, तो म्हणाला. दर गाण्याला उठतच होते, आता एकदाच उठेन.

तेव्हापासून तिसरं गाणं संपत आलं की मी उठते, आवाज वाढवते आणि गाणं संपेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहते. वाढवलेल्या आवाजात ती शिंक खिडकीच्या काचा हलवते. मग आवाज उतरवून पुन्हा आडवी होते.

काल मात्र चादरी धुऊन कंबरेचे तुकडे झाले होते. तिसऱ्या गाण्यातच डोळा लागला. जाग आली ती शिंकेनेच. धडपडत उठून बसले. चौथं गाणं असून नसल्यासारखं चाललं होतं आणि जाऊबाई छताकडे बघून हसत होत्या.

"हाक का नाही मारलीत?"

"गाणं माझंच आहे, मला पाठ आहे. ऐकायची ती शिंक, आणि ती कुठे तुझ्या बटणावाचून अडते? नीज तू."

मी कूस बदलली. पाचवं गाणं हवं तेवढ्याच आवाजात सुरू झालं. पुढचं मला ठाऊक नाही.