सुतकातलं प्रात्यक्षिक

वडिलांच्या अस्थी वेचून उद्धव स्मशानातून घरी आला, अंगणात आंघोळ केली, कोरडं धोतर नेसला आणि कात्री-चिमट्यांची पेटी काखेत मारून दाराकडे वळला. इंटर सायन्सचं प्राणिशास्त्राचं प्रात्यक्षिक त्याच दिवशी होतं.

"कुठे निघालास?" महादेवकाकांनी ओसरीवरून विचारलं.

"परीक्षेला."

"बापाच्या अस्थी वेचून आला, आणि आता बेडूक फाडायला चालला? भिक्षुकाच्या घरचा ना तू?"

उद्धवने पेटी दुसऱ्या काखेत घेतली. जावं असं त्याला वाटत नव्हतं आणि जाऊ नये असंही वाटत नव्हतं. आतून आई, सत्यभामाबाई, बोलली, "जाऊ द्या त्याला, भावजी. त्यांनी कधी अडवलं नाही. घरात येण्याआधी आंघोळ कर म्हणायचे, एवढंच."

काकांनी तोंड फिरवलं. उद्धव निघाला.

कॉलेजात त्याचं नुकतंच भादरलेलं डोकं पाहून पोरांची कुजबुज थांबली. प्रयोगशाळेतला गडी पंजाबराव तिवशाकडचा. मार्चच्या उन्हात तिथल्या विहिरींतून बेडूक धरून आणायचं काम त्याचंच. तो जवळ आला.

"काहून आला बापू आज? तुह्या घरी तं..."

"हो. परवा गेले."

भूल दिलेल्या बेडकांतून पंजाबरावने एक थोराड निवडला आणि उद्धवच्या पुढ्यात ठेवला. "हा घे. मोठा हाये, नसा साजऱ्या दिसतीन."

हृदयातून निघणाऱ्या रोहिण्या मोकळ्या करून दाखवायच्या होत्या. वर्षभर याच कामाने उद्धवला घाम फोडला होता. कात्री थरथरायची, कुठलीतरी नस तुटायची आणि सगळं ताट रक्ताने भरायचं. आज ताटातल्या मेणावर टाचण्या टोचल्या, कातडी दुभागली, स्नायू कापला, तरी हात हलला नाही. हृदय अजून उडत होतं. त्याने ते पाहिलं आणि पुढची नस सोडवायला घेतली. कीव आली नाही, किळसही नाही.

नागपूरहून आलेल्या वयस्क परीक्षकांनी त्याचं काम वाकून पाहिलं. मग एक बरणी पुढे सरकवली. आत लांबट, बिनपायाचं काहीतरी वेटोळून पडलं होतं.

"साप?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही सर, देवगांडूळ. कातडी उघडी आहे, अंगभर कड्यांसारख्या वळ्या आहेत, सापासारखे खवले दिसत नाहीत. वर्ग उभयचर. बेडकाचाच वर्ग, पण गण वेगळा."

"आणि बेडकाला मासा का म्हणू नये? पिल्लाला तर कल्ले असतात."

"असतात. पण मोठेपणी कल्ले जातात, फुप्फुसं येतात, पाय फुटतात. हृदयाचे कप्पेही तीन असतात. माशाचे दोन."

परीक्षकांची नजर त्याच्या डोक्यावर गेली. "घरी कोण गेलं?"

"वडील. परवा."

"मग आज कशाला आलास?"

"परीक्षा आज होती, सर."

त्यांनी पुन्हा एकदा वाकून मोकळ्या केलेल्या रोहिण्या पाहिल्या. "हात फार स्थिर आहे तुझा," असं म्हणाले आणि म्हटल्याबरोबर ओशाळल्यासारखे पुढच्या टेबलाकडे गेले. उद्धवला त्याचं बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

घरी येऊन त्याने पुन्हा आंघोळ केली. आईने पान वाढलं.

"काय विचारलं?" तिने म्हटलं. हे रोज वडील विचारायचे.

त्याने बेडकाच्या पिल्लाचं सांगितलं.

"आणि शेपटी? ती गळून पडते?"

"नाही. अंगातच जिरते."

"त्याला दुखत असेल?"

"माहीत नाही, आई. ते कुणी विचारलं नाही."

ती भिंतीला टेकून बसली. मग त्याच्या ताटाशेजारी तिने स्वतःसाठी घासभर भात घेतला. वडील गेल्यापासून ती उपाशी होती.

दहाव्याला अकोल्याची आत्या, कौशल्याबाई, आली आणि त्याच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली. तो तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला. सगळे म्हणाले, पोरगा मोठा धीराचा. त्याला ते ऐकू आलं, पण आपल्याबद्दल आहे असं वाटलं नाही.

निकाल लागला तेव्हा पाऊस चांगला सुरू झाला होता. उद्धव पहिल्या वर्गात पास झाला होता. आता नागपूरला जाऊन डॉक्टरी शिकायचं, हे काकांनीच ठरवलं. वर्षभर सणवार नव्हते, म्हणून पेढे आणले नाहीत. आईने चिमूटभर साखर त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती तोंडात टाकली. गोड होती, एवढं कळलं.