एकदाच मारायची रेघ

आमच्या घरात कुणीही कुठेही गेलं की पोचल्यावर फोन करायचा, असा कायदा होता. परगावी गेल्यावर ठीक आहे, पण मी कोपऱ्यावर दूध आणायला गेले तरी फोन. दुकानाच्या दारात उभी राहून मी "पोचले हो" म्हणायची आणि दूधवाला तोंड फिरवून हसायचा.

कायदा आमच्या ह्यांचा. हे काच कापतात. दुकानात पुढे मी गिऱ्हाईक सांभाळते, मागच्या खोलीत जाड कापड अंथरलेलं ह्यांचं मोठं टेबल. खिडक्यांच्या काचा, कपाटांच्या, फोटोंच्या, शिवाय आरसे. हाताला नाव ठेवायला जागा नाही. पण डोकं म्हणाल तर ते कधी दुकान बंद करायचंच नाही.

काळजी कोण करत नाही? मीही करते, पण माझी काळजी काम झालं की निघून जाते. ह्यांची मुक्कामाला असायची. मुलगी घरी पोचली की काळजी गॅसकडे वळायची, गॅस बंद दिसला की छताच्या ओलीकडे, तिथून माझ्या खोकल्याकडे. एक विषय आत येऊन बसत नाही तोवर दुसरा दारात चपला काढत उभा.

"गॅस बंद केलास?"

"केला."

"नक्की?"

"नक्की."

"बघून केलास ना?"

इथे माझं डोकं फिरायचं. "नाही, डोळे मिटून केला!" मग अबोला. आणि अबोल्यातही उठून गॅस बघून यायचे, तेही मला दिसू नये म्हणून पावलं न वाजवता.

अंगावरही सगळं निघत होतं. मान आखडलेली, पोट बिघडलेलं, रात्री या कुशीवरून त्या कुशीवर, सकाळी चिडचिड. हृदय तपासून झालं, पोट तपासून झालं, रक्त कितीदा दिलं ते विचारू नका. रिपोर्ट चांगला आला की दुसरा माणूस पेढे वाटेल. हे म्हणायचे, "मग डॉक्टरांना नेमकं काय सापडत नाहीये?"

आता काचेचं सांगते, कारण सगळं तिथेच उघड्यावर आलं. काच कापतात म्हणजे आरपार कापत नाहीत. पट्टी धरून कटरचं बारीक चाक वरून एकदा फिरवायचं, एका दमात, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कागद फाडल्यासारखा बारीक आवाज येतो. मग टेबलाच्या काठावर धरून हलका दाब दिला की काच त्या रेघेवर सरळ सुटते. मात्र रेघ एकदाच मारायची. नीट लागली नाही असं वाटून पुन्हा त्याच रेघेवर चाक फिरवलं तर चाकही बिघडतं आणि काच वाटेल तिकडे फुटते. दुकानात नवा आलेला माणूस पहिल्या दिवशी हेच शिकतो. आणि गेल्या वर्षी हे तेच विसरायला लागले. विसरायला म्हणजे काय, ठाऊक होतं, तरी हात परत जायचा. मागच्या खोलीतली तुकड्यांची पेटी भराभर भरायला लागली.

त्यात नाचाच्या क्लासवाल्या बाईंचा आरसा आला. माणसाहून उंच. ह्यांनी माप घेतलं, पुन्हा घेतलं, बाईंना फोन करून पुन्हा विचारलं. रेघ मारली. मी दारातूनच आवाज ऐकला, सुरेख लागली होती. आणि बघते तर ह्यांनी पट्टी न उचलता कटर परत सुरुवातीला नेला.

"अहो, नको!" मी ओरडले. तोवर चाक फिरलं होतं. दाब दिल्यावर आरसा कोपऱ्यातून तिरका गेला.

हे स्टुलावर बसले. स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले, "मला माहीत होतं गं. पण 'लागली नसेल तर' एवढंच डोक्यात. हात थांबलाच नाही."

त्याच संध्याकाळी आमच्या पिटूने आणखी एक धोंडा टाकला. पिटू म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. खरं नाव आता शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलंय. ती जमीन मोजणीचं शिकली. बाप काच मोजतो, मुलगी डोंगर मोजणार, म्हणून मी सगळ्यांना मिरवून सांगायची. तिची निवड झाली होती, पण काम दूर, डोंगराळ भागात, आणि तिथे फोनला रेंज म्हणजे लागली तर लागली. स्वयंपाकघरात ती मला हळूच म्हणाली, "आई, मी 'नाही' म्हणून कळवते. बाबांना असं सोडून कशी जाऊ? माझा फोन दोन दिवस लागला नाही तर काय होईल त्यांचं?"

ती हळू बोलली, पण आमचं घर केवढं! हे दारात उभे होते. तसेच परत फिरले. सकाळी माझ्याआधी शर्ट घालून तयार. "चल, डॉक्टरकडे जाऊ. पोटासाठी नाही." एवढं बोलायला ह्यांना केवढा धीर लागला असेल ते मला दिसत होतं. मी चपला घातल्या.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं. "ही काळजी कधीपासून?" त्यांनी विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"लग्नाच्या दिवशी माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते 'घराला कुलूप लावलंय ना?'" मी म्हटलं.

बाई हसल्या, मग ह्यांच्याकडे वळून सांगायला लागल्या. धोक्याची घंटा प्रत्येकाच्या अंगात असते आणि असायलाच हवी. तुमच्या घंटेचं बटण आत अडकून बसलंय. दारात कुणी नसलं तरी ती वाजत राहते आणि तुम्ही दर वेळी धावत दार उघडता. म्हणून मान दुखते, पोट बिघडतं, माणूस थकतो. ह्याला जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात. वेड नाही, खोड नाही, आजार आहे. औषध आहे, त्याला गुण यायला काही आठवडे लागतात, आणि मधेच मनाने बंद करायचं नाही. त्याच्या जोडीला समुपदेशकाकडे जायचं.

घरी येताना मला रस्त्यातच रडू फुटलं. इतकी वर्षं मी ह्यांच्या स्वभावाशी भांडत होते आणि तो निघाला आजार. "आता तुला काय झालं?" हे घाबरून विचारायला लागले. मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही, चला."

समुपदेशक तरुण होता, जावई म्हणून शोभला असता, पण ते असो. त्याने मलाच उलटतपासणीला घेतलं. "ह्यांनी विचारलं की तुम्ही काय सांगता?"

"सगळं ठीक आहे म्हणून सांगते."

"त्याने ह्यांना किती वेळ बरं वाटतं?"

"पुढच्या प्रश्नापर्यंत."

 हे अचानक म्हणाले, "म्हणजे ती दुसरी रेघ." समुपदेशकाला कळेना, तेव्हा ह्यांनी त्याला काच कापणं समजावून सांगितलं. तो म्हणाला, अगदी तेच. पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी आणखी खात्री लागते. मग त्याने मला एक वाक्य दिलं. ह्यांनी विचारलं की 'ठीक आहे' म्हणायचं नाही, 'माहीत नाही, थांबू या' म्हणायचं.

ऐकायला सोपं वाटतं. बोलून बघा. पिटूला यायला उशीर झालाय, समोरच्या माणसाच्या कपाळावर घाम आहे, आणि आपण म्हणायचं, माहीत नाही, थांबू या! पहिल्या आठवड्यात हे माझ्यावर भडकले. "तुला कशाचं काही नाही!" मी जीभ चावून धरली. मला कशाकशाचं काय काय आहे ते सांगायला बसले असते तर जेवायची वेळ टळली असती.

ह्यांच्यासाठी दुसरा नेम होता, काळजीची वेळ. दुकान बंद केल्यावर मागच्या दाराच्या पायरीवर बसायचं आणि तेव्हाच काय ती काळजी करायची. दिवसा एखादी आली तर तिला सांगायचं, संध्याकाळी ये. हे ते मोठ्याने सांगायचे. एकदा एक गिऱ्हाईक आपल्यालाच सांगितलं समजून खरंच संध्याकाळी आलं. पायरीवर बसून एकेक काळजी हातात घ्यायची. हिच्यासाठी आज काही करता येईल का? येत असेल तर उठून करायचं. येत नसेल तर तिला शेजारी बसू द्यायचं, तिच्याशी हुज्जत घालायची नाही, श्वास सावकाश सोडायचा. हळूहळू असं व्हायला लागलं की सकाळी बोलावलेल्या निम्म्या काळज्या संध्याकाळी फिरकायच्याच नाहीत.

जादू झाली असं नाही. मधे एकदा माझ्या नकळत पिटूच्या मैत्रिणीला फोन लावून बसले होते. पण झोप लागायला लागली, मान वळायला लागली, आणि तुकड्यांची पेटी रिकामी करायला मला बरेच दिवस जावं लागलं नाही. दूध आणायला मी फोन न करता जाऊ लागले. दूधवाल्यालाच चुकल्यासारखं झालं.

पिटूने अजून काहीच कळवलं नव्हतं, ऑफिसने तिला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. त्याआधी नव्या मुलांना दिवसभर डोंगरावर काम दाखवायला नेणार होते. ठरलं असं की ती पोचल्याचा फोन करणार नाही. परतीच्या वाटेवर रेंज आली की बाबांना करेल. निघताना दारात माझ्या कानाशी म्हणाली, "आई, आजचा दिवस बाबांनी काढला तर हो कळवते. नाही तर नाही. मला वाईट नाही वाटणार." शेवटचं वाक्य खोटं होतं. मी तिची आई आहे, मला शिकवू नये.

ह्यांनी दिवसभर लहानसहान काचा कापल्या. मधून मधून चाक थांबायचं, मग लांब श्वास सोडल्याचा आवाज यायचा, मग पुन्हा चाक. "संध्याकाळी ये," असंही दोन-तीनदा ऐकलं. दुपारी बाहेर येऊन पाणी प्यायले. नजर माझ्या फोनकडे गेली, तोंड उघडलं, मिटलं, आणि परत आत गेले.

ऊन उतरलं. नाचाच्या बाईंचा नवा आरसा टेबलावर आडवा होता. त्या बिचाऱ्या अजून थांबल्या होत्या. परतीची वेळ होऊन गेली तरी फोन नाही. मी एकच फ्रेम पुसत होते, किती वेळ ते मला ठाऊक नाही. डोंगर, उतार, निसरडी वाट, मेली ती गाडी कोण चालवत असेल. शेवटी मागच्या दारात गेले.

"अहो, निघाली असेल ना ती?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा उतरलेला होता, ओठ कोरडे. पण आवाज नेहमीचा.

"माहीत नाही. थांबू या."

असा राग आला मला! माझंच औषध मलाच. ह्यांनी पट्टी धरली, चाक टेकवलं, आणि रेघ निम्म्यावर आली असताना फळीवर ठेवलेला ह्यांचा फोन वाजला. पिटूचाच. तिच्यासाठी वेगळी घंटा लावलेली आहे.

 फोन फळीवर, फळी ह्यांच्या पलीकडे. "अहो, फोन!" हात थांबला नाही आणि घाईही केली नाही. रेघ त्या कडेपर्यंत गेली. ह्यांनी कटर ठेवला. परत उचलला नाही. आरसा काठाशी सरकवला, दाब दिला, आणि तो सरळ सुटला. तोवर घंटा वाजून वाजून बंद पडली होती.

लगेच माझा वाजला.

"आई! बाबा फोन उचलत नाहीयेत. बरे आहेत ना? काय झालं? खरं सांग!"

"रेघ मारत होते," मी म्हटलं.

  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि मनाशी म्हटलं, आता विचारणार, पोचलीस का, जेवलीस का, गाडीचा ड्रायव्हर कसा आहे. 

"पिटू," हे म्हणाले, "काय मोजलंस आज?"

जन्मात पहिल्यांदा हा प्रश्न. ती बोलायला लागली ती थांबेचना. कुठली दरी, कुठला कडा, यंत्र कसं उभं करतात, वारा किती होता. वारा शब्दावर ह्यांनी डोळे मिटले, पण मधे बोलले नाहीत. शेवटी तिने विचारलं ते मलाही ऐकू आलं.

"बाबा, मग हो कळवू?"

ह्यांनी लांब श्वास सोडला. "कळव," म्हणाले.

दुकान बंद केलं. मी आतबाहेर करत राहिले. त्या डोंगरावर ती आता रोज जाणार, तिथे रात्री राहणार. हे हात धुऊन मागच्या पायरीकडे निघाले. "आज बराच माल साठलाय," म्हणाले. मी थोडा वेळ उभी राहिले, मग पदराला हात पुसत त्यांच्या मागे गेले.

"सरका जरा," मी म्हटलं.