चारा कापणाऱ्या अडकित्त्याची कबुली

काकांचा हात माझ्या मुठीवर होता आणि पुतणीचा तळवा माझ्या पात्याखाली. मी श्वास घेणारा असतो, तर तो रोखून धरला असता. पागेत ऐकू येत होते ते फक्त नऊ महिन्यांच्या शिंगराचे जमीन खरवडणारे खूर.

मित्रांनो, मी चारा कापणारा एक जुना अडकित्ता आहे. सुपारीचा नव्हे, चांगला हातभर पात्याचा. लोहाराने मला भट्टीत लाल केले, सुताराने ओंडक्यावर बसवले, आणि तेव्हापासून या पागेतल्या घोड्यांच्या तीन पिढ्या माझ्या तोंडचा घास खात वाढल्या. "याने कापलेलं गव्हाणीत उष्टं म्हणून राहत नाही," असे काका आल्यागेल्याला सांगत आणि मी मनातून फुशारत असे. पुढे सुक्या गवताचे बांधीव गठ्ठे गाडीने येऊ लागले. माझ्यावर आधी फाटके खोगीर आले, मग धूळ, मग कोळ्याचे जाळे.

यंदा कुरणे उभ्या उभ्या करपली, गवत मिळेनासे झाले, तेव्हा कुठे माझी आठवण झाली. उरले होते चांगल्या गवताचे नऊ गठ्ठे, गव्हाच्या काडाचा ढीग, आणि गळक्या पत्र्याखाली भिजून आतून काळे पडलेले काही गठ्ठे. त्यांतलाच एक माझ्या जबड्यात होता.

"हात काढ," काका म्हणाले. "काळं आणि चांगलं मिसळून कापू. सगळ्यांना पुरेल."

"चांगलं गवत शिंगराला राहू द्या, काका. सोबत लसूणघासाचा हिरवा चारा, रोज मूठ-मूठ वाढवत. त्याची हाडं अजून घडतायत. मोठे घोडे काडावर निभावतील, मी भिजवून देईन."

"म्हणजे जन्मभर राबलेल्यांनी काड चघळायचं आणि या कालच्या पोराने मऊ गवतावर ताव मारायचा? वा गं न्याय!"

"बुरशी तर मोठ्यांनाही नको. न कापता टाकून बघा त्याच्यापुढे."

काकांनी मूठभर काळे गवत शिंगरापुढे टाकले. शिंगराने ते हुंगले, फुरफुरले, एकच काडी ओठांनी बाजूला सारली आणि मान फिरवली.

"नाकं मुरडतंय, नवाब!" काका हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचले नाही. "कापून दिलं की मुकाट खाईल. याच्या आईचं पहिलं शिंगरू नव्हतं का खात?"

मित्रांनो, त्या क्षणी माझे लोखंड गारठले. ते शिंगरू मला आठवते. त्या साली, मी अडगळीत पडण्याआधी, असेच काळे पडलेले गवत मी चांगल्या गवतात कापले होते. लांब काडी घोडा ओठांनी निवडून टाकतो. बोटभर तुकड्यांतून त्याने काय निवडावे? त्याने गव्हाण चाटूनपुसून साफ केली. माझी वाहवा झाली. तिसऱ्या दिवशी ते पोट दुखून लोळू लागले आणि पुन्हा उठले नाही. खापर फुटले थंड वाऱ्याच्या माथी. पुतणी तेव्हा शाळकरी होती; तिच्या कानांवर फक्त वारा आला.

तुम्ही आमच्या पात्यांना धार लावता, तेल देता, याचे ऋण आहेच. पण आम्हांला नाक नाही. मुक्या जिवापुढे घास ठेवण्याआधी तो एकदा आपल्या नाकाशी न्या. आणि ज्यावरून तो मान फिरवतो, त्याचे तुकडे करून त्याची ओळख पुसू नका. एवढेच मागणे.

काकांच्या तोंडून निसटलेले ऐकून पुतणी त्यांच्याकडे एकटक पाहत होती.

"त्या शिंगराला काय कापून घातलं होतं, काका?"

काकांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी दोन्ही हातांनी काळा गठ्ठा माझ्या जबड्यातून ओढून काढला, काखेत दाबला आणि तिच्याकडे न पाहता ते उकिरड्याच्या दिशेने चालू लागले.