संडासापुढची रांग

संडासापुढे इतक्या भक्तिभावाने उभी राहिलेली माणसं कंडक्टरबाईने जन्मात पाहिली नव्हती. खाली कमोड-बेसिनचं दुकान, वर दुकानदाराचा रिकामा हॉल, हॉलच्या टोकाला एक संडास आणि त्याच्या दारापुढे बायकांची रांग. डोक्याला रुमाल बांधलेल्या, भुवया झडलेल्या, कुणी भिंतीला टेकलेली, कुणी नवऱ्याच्या खांद्यावर. एकेक बाई आत जायची आणि रडत बाहेर यायची.

"लाल आलं?" अख्खा हॉल विचारायचा.

"लाल आलं," ती म्हणायची. मग टाळ्या.

मधोमध खुर्चीवर झराबाबा. पूर्वी पाण्याच्या टाक्या धुवायचा म्हणे. आता माणसं धूत होता. "डॉक्टर सुईने विष घालतो आणि वर बिल लावतो," तो सांगत होता. "मी एका ग्लासात ते विष काढतो. आजाराचं नासकं रक्त खालच्या वाटेने जातं. डोळ्यांनी बघा, मग बोला. फक्त सुई घेतल्या घेतल्या या. विष शिळं झालं की माझाही इलाज नाही." पाणी फुकट होतं. ग्लासाचे पैसे पडत.

त्याच्या शेजारी एक शिंपीण बसवलेली. तिने एकच सुई घेतली, एकच ग्लास प्यायली आणि दवाखान्याकडे पाठ फिरवली, त्याला सहा-सात महिने झाले होते. डोक्यावर दाट केस परत आले होते. "बघा, जंगल उगवलंय," म्हणत बाबा तिला मान वळवायला लावायचा. तिचा डावा हात सुजून उशीएवढा झाला होता. अंगाला अत्तराचा भपकारा होता आणि अत्तराखालून आणखी एक वास येत होता. त्याकडे कुणी नाक वळवत नव्हतं.

कंडक्टरबाई त्याच दुपारी केमोची पहिली सुई घेऊन थेट इथे आली होती. आली म्हणजे नणंदेने आणली, नवरा मागोमाग. स्तनातली गाठ कापून झाली होती, आता औषधं. सुईआधी गुंगीचं काहीतरी दिल्यामुळे नर्स काय सांगत होती ते तिच्या डोक्यावरून गेलं. आठवत होती ती एवढी मोठी पिचकारी आणि आतलं सरबतासारखं लाल औषध. नर्स ते हळूहळू दाबत होती आणि हातातली शीर खांद्यापर्यंत गार पडत गेली होती.

हॉलच्या दारात बाबाच्या चेल्याने विचारलं होतं, "सुई लाल की पांढरी?"

"लाल."

"सरळ पुढे."

मागच्या बाईचं औषध पाण्यासारखं, म्हणजे यांच्या भाषेत पांढरं. तिला चटई दाखवली. "आधी श्रद्धा वाढवा."

कंडक्टरबाईच्या हातात ग्लास आला. पाण्याला गुलाबाचा असा वास मारत होता की तोंडाला लाववेना. तिने नणंदेची नजर चुकवून ते खिडकीतल्या कुंडीत ओतलं आणि आत गेली.

लाल. भांडंभर लाल. ती दार लोटून बाहेर आली.

"आलं?"

"आलं," ती म्हणाली, आणि नणंद तिच्या गळ्यात पडून रडली.

पुढचे तीन आठवडे कुणी दुश्मनावरही आणू नयेत. पोटात काही नसताना उलट्या. जिभेला गंजक्या खिळ्याची चव. तोंड आतून सोललेलं, दूधसुद्धा तिखट लागे. मग एका सकाळी उशीवर केसांचा पुंजका. नवरा रंगारी, त्याने अंगणात स्टुलावर बसवून तिचं डोकं भादरलं, भिंत घासावी तसं.

नणंद रोज येऊन बसायची. "विष निघालंय ना तुझं? मग परत कशाला भरून घेतेस? घासलेलं भांडं कुणी उकिरड्यात ठेवतं का?"

"डॉक्टर म्हणतात अजून बऱ्याच सुया आहेत."

"तो म्हणणारच. न्हावी कधी म्हणेल का, केस वाढवा?"

खरं सांगायचं तर कंडक्टरबाईला हे ऐकायला गोड वाटत होतं. पुन्हा त्या खुर्चीत बसायचं नाही, एवढ्यासाठी तिने बाबाच्या पायावर डोकं ठेवलं असतं. पण एक प्रश्न बिनतिकिटाच्या प्रवाशासारखा मागच्या सीटवर बसून होता. पाणी कुंडीत गेलं. मग लाल कुठून आलं? कॅन्सर कुंडीला होता का?

दुसऱ्या सुईला, गुंगीचं औषध चढायच्या आत, तिने नर्सला विचारलं.

"अहो, औषधाचाच रंग तो," नर्स म्हणाली. "एक-दोन दिवस लघवी लाल होते, सगळ्यांनाच. मागच्या वेळी तुम्ही झोपेत होता म्हणून यांना बजावून सांगितलं होतं की."

नवरा चपलांकडे बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"ते... बाथरूमचं होतं. ताईसमोर कसं बोलणार?"

"आणि तिथे टाळ्या वाजवल्यात?"

"मला वाटलं, बाबामुळे जरा जास्त लाल."

"जन्मभर रंग कालवलेत," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या बायकोला चुना लावलात."

सुई संपल्यावर तिने त्याला हॉलवर नेलं. नणंद तिथे आधीच जागा धरून बसली होती. चेल्याने ग्लास पुढे केला. तो हातात न घेता ती आत जाऊन आली आणि पाणी न सोडता तिने दार उघडं ठेवलं.

"या, बघा. लाल आहे. आज मी बाबाचा थेंब प्यायले नाही. पहिल्या दिवशीही नव्हता प्यायला."

"माझी नजर पुरेशी असते," बाबा म्हणाला.

"बरं. मग सगळ्यांवर सारखीच पडत असेल." तिने आवाज चढवला. सकाळच्या गर्दीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज. "चला, लाल सुईवाल्या डावीकडे. पांढऱ्यावाल्या उजवीकडे. मध्ये कुणी लटकायचं नाही."

"बाई, इथे शिस्त माझी चालते."

"तुमच्याच दारातली आहे ही. तुम्ही गुपचूप लावता, मी उघड लावतेय."

बायका हलल्या. सवय असते माणसाला.

"लाल कुणाकुणाला आलं? हात वर."

डावीकडचे सगळे हात वर गेले. उजवीकडे एकही नाही.

उजवीकडून एक आजी म्हणाली, "मी सहा ग्लास प्याले. बाबा म्हणाला, तुझं मनच मळकं."

"मन चांगलं आहे, आजी. औषध बिनरंगी आहे."

"पांढऱ्याचं विष पांढरंच निघतं," बाबाने तत्परतेने सांगितलं.

"मग निघालंच की माझं," आजी म्हणाली. "पुढचे पाच ग्लास कशाचे विकलेस रे मेल्या?"

कंडक्टरबाईने नवऱ्याला पुढे ढकललं. "बोला. नर्स काय म्हणाली होती, तेच शब्द."

तो घामाघूम झाला. "लाल औषधाने लघवी लाल होते," तो म्हणाला. "मला पहिल्या सुईच्या दिवशी दुपारीच सांगितलं होतं. इथे यायच्या आधी."

मग शिंपिणीने विचारलं, "मग माझी गाठ?"

बाबा खुर्चीवरून उठून चेल्याला काहीतरी पुटपुटत होता.

"आत आहे," कंडक्टरबाई म्हणाली. "तुम्ही टाळ्या ऐकत होता तेवढे महिने ती वाढत होती."

शिंपिणीने तिच्या थोबाडीत मारली. नणंद धावून आली ती भावजयीला सावरायला नाही, बाबाची माफी मागायला.

दुसऱ्या दिवशी शिंपीण दवाखान्यात आली. छातीवरचं फडकं सोडल्यावर नर्सने, जिने सगळं पाहिलेलं असतं, खिडकी उघडली. गाठ फुटून जखम झाली होती. आजार यकृतात आणि हाडांत उतरला होता. आता लाल सुई चालेल का, तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, तुमचं शरीर ती सोसणार नाही. महिनाभरात ती गेली. झराबाबाने दुसऱ्या शहरात हॉल भाड्याने घेतलाय आणि नणंद म्हणते, शिंपिणीची श्रद्धा शेवटी डळमळली म्हणूनच असं झालं.

या बाबाला ना मंत्र येत होता ना तंत्र. त्याला एवढंच ठाऊक होतं की ही माणसं 'स्तन' म्हणताना अडखळतात आणि 'लघवी' म्हणताना मान खाली घालतात. आपण जे बोलत नाही त्यावर त्याचं दुकान चालतं. तेव्हा बोला. नर्सला विचारा, डॉक्टरला विचारा, पुन्हा पुन्हा विचारा, वैतागले तरी विचारा. कुणी चमत्कार दाखवला तर तोच प्रकार त्याला बाजूला ठेवून करून बघा. त्याच्याशिवायही झाला, तर तो लबाड आहे. केमो म्हणजे छळ आहे, आणि तो सोसूनही काही बायका जातात. हे लपवणार नाही. पण त्यातून पुष्कळ बायका उठून घरी, कामावर परतल्या आहेत. कंडक्टरबाईची पुढची सुई या सोमवारी आहे. ती जाणार, ओकणार आणि पुन्हा जाणार. तुमच्या घरातल्या कुणी सुई अर्धवट सोडली असेल, तर आज तिचा हात धरा आणि तिला घेऊन जा.